दुपारी दमणारी फोर्कलिफ्ट

आमचा धंदा कापडाचा. थान, तागा, गाठ, उधारीची वही आणि ईद-दिवाळीचा सीझन, यांतच आमची उमर गेली. तेव्हा या पानावर आम्ही फोर्कलिफ्टच्या हायड्रॉलिकविषयी लिहायला बसलो आहोत, याचे व्यापारी बांधवांना नवल वाटेल. परंतु गेल्या हंगामात एका जुन्या गाडीने आम्हाला असा धडा दिला की तो स्वतःपाशी ठेवणे बरे वाटेना. आज आपल्यातील कितीतरी जण गोदामे चालवतात, जुन्या मशिनरीची खरेदी-विक्री करतात, गॅरेज चालवतात. त्यांच्यापैकी एकाचे जरी पैसे वाचले, किंवा एखाद्या हमालाचा पाय वाचला, तर लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

भूम हे काही कारखान्यांचे गाव नव्हे. धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटच्या डोंगररांगेतला आमचा तालुका दूध आणि खव्यासाठी ओळखला जातो. पण दूध आले की जनावरे आली, जनावरे आली की सरकी पेंड आली आणि पेंड आली की पोती आली. पूर्वी हा सगळा भार हमालाच्या पाठीवर असे. आता पाठी थकल्या, हमालांची पोरे पुण्याला गेली आणि जे उरले त्यांना मजुरीही नीट द्यावी लागते, जे योग्यच आहे. म्हणून आमच्या पुतण्याने सोलापूरहून एक जुनी, दोन टनी, डिझेलवर चालणारी फोर्कलिफ्ट आणली. गोदामाच्या निम्म्या भागात पेंडीची पोती, उरलेल्या भागात आमच्या कापडाच्या गाठी. गाडीची निम्मी रक्कम आमची होती, आणि ती मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दिली होती. घरात ही गोष्ट आम्ही बोललो नव्हतो.

पहिले दोन महिने गाडीने पैसे फेडले. तिसऱ्या महिन्यात पुतण्या म्हणाला, "चाचा, गाडी दुपारी दमायला लागली बघा."

सकाळी गाडी भरलेला पॅलेट झटक्यात वर नेई. बारा-एक वाजले की तोच पॅलेट अर्ध्यावर जाऊन थांबे. लिव्हर ओढला की गुरगुर आवाज येई आणि फोर्क मुंगीच्या पावलाने वर सरकत. चहाला थांबून अर्ध्या तासाने पाहावे तर पुन्हा दहा मिनिटे ठीक. वाचकांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. सगळ्या दुखण्याची गुरुकिल्ली तीच होती आणि आम्ही तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

आमच्या दोन चुका

दुखणे आले की माणूस आधी घरगुती औषध करतो. आम्ही टाकीत काठी घालून पाहिले, तेल थोडे कमी दिसले. शेजारी ट्रॅक्टरवाल्याकडे इंजिन ऑइलचा डबा होता, तो ओतला. तेल ते तेल, अशी आमची समजूत! इंजिन ऑइलचे काम वेगळे आणि हायड्रॉलिक ऑइलचे वेगळे. हायड्रॉलिक तेलाला ठरावीक पातळपणा लागतो, फेस लवकर मोडावा लागतो आणि पाणी वेगळे पडावे लागते. बाजारात ४६ नंबर आणि ६८ नंबर अशी तेले मिळतात. हे नंबर तेलाच्या जाडीचे आहेत, भारी-हलक्याचे नव्हेत. आपल्या गाडीला कोणते, हे गाडीच्या पुस्तकात किंवा पाटीवर लिहिलेले असते. यापेक्षाही मोठी चूक काही गॅरेजवाले करतात, ती म्हणजे ब्रेक ऑइल ओतणे. ब्रेक ऑइलची जात निराळी. हायड्रॉलिकमधली रबरी सीले त्याने फुगतात आणि पुढे सगळी यंत्रणा उतरवावी लागते. ती चूक आमच्याकडून झाली नाही एवढेच, आणि तेही डबा हाताशी नव्हता म्हणून!

दुसरी चूक भारी पडली. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीला बोलावले. त्याने लिव्हर ओढून पाहिला आणि सांगून टाकले, पंप गेला. नव्या पंपाचा जो आकडा त्याने सांगितला, तो ऐकून आम्ही खाली बसलो. मग तोच म्हणाला, "तोवर रिलीफ आवळून देतो, चार दिवस निघतील." कंट्रोल व्हॉल्व्हच्या अंगावर एक स्क्रू असतो, त्यावर टोपीसारखा नट. त्याने नट सैल करून स्क्रू दोन फेरे आत घातला. आम्ही शेजारी उभे होतो, आणि "अजून थोडा घाल" असे सांगणारेही आम्हीच. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पोती अशी उचलू लागली की आम्ही त्या मिस्त्रीला मनातल्या मनात शाबासकी दिली. गाडी जोरात आहे म्हणून पोरांनी पॅलेटवर ४० ऐवजी ४६ पोती रचली. पन्नास किलोच्या पोत्याच्या हिशेबाने ती दोन हजार तीनशे किलो झाली. फोर्क वर गेले, आणि लिफ्ट सिलिंडरला जाणारा होज पाइप फाटला.

आवाज टायर फुटल्यासारखा झाला. तेलाचा फवारा भिंतीवर गेला आणि पॅलेट खाली आले. वरची पोती पलीकडच्या बाजूला कोसळली. आमचा जुना हमाल, जो वडिलांच्या वेळेपासून दुकानात आहे, क्षणापूर्वी त्याच जागी पॅलेट सरळ करायला वाकला होता. तहान लागली म्हणून तो माठाकडे वळला होता. हातात पाण्याचा पेला घेऊन तो वळून पाहत उभा राहिला. त्याचा चेहरा आम्हाला अजून आठवतो.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. स्क्रू आवळायला सांगणारे आम्हीच होतो.

मिस्त्री जो पाना न काढता बोलला

बार्शीकडे एक वृद्ध मिस्त्री आहेत, ज्यांची सगळी उमर जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर म्हणून गेली. बार्शी हे कापसाचे जुने गाव. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी तिथे आली आणि १९११ पर्यंत ती लातूरला पोहोचली. आमच्या भागातला माल त्या मार्गाने बाहेर जाई. जिथे कापूस तिथे प्रेस, आणि प्रेस म्हटले की हायड्रॉलिक. आज देशात कापसाची जी १७० किलोची प्रमाणित गाठ बांधली जाते, ती हायड्रॉलिक प्रेसच दाबतो. म्हणून आम्ही फोर्कलिफ्टवाला न शोधता प्रेसवाला माणूस शोधला, आणि हा एकच निर्णय आम्ही या प्रकरणात शहाणपणाने घेतला.

उस्ताद आले, खाटेवर बसले, चहा घेतला. पिशवी उघडली नाही. पुतण्याला विचारले, "गाडी दमायची तेव्हा स्टिअरिंग कसं लागायचं? हलकं का जड?"

पुतण्या विचारात पडला. म्हणाला, "जड व्हायचं उस्ताद. मला वाटलं टायरात हवा कमी असेल."

"आणि मास्ट पुढं-मागं करायचा टिल्ट?"

"तोबी सावकाश."

उस्तादांनी आमच्याकडे पाहिले. "शेठजी, तुमचं निम्मं काम झालं."

ते कसे, हे आम्ही त्यांच्याच पद्धतीने सांगतो. अशा गाडीत एकच टाकी आणि एकच पंप असतो. पंपातून निघालेले तेल पॉवर स्टिअरिंगला, लिफ्टला आणि टिल्टला वाटले जाते. (काही गाड्यांत स्टिअरिंगचा पंप निराळा असतो, तेव्हा आधी ते बघून घ्यावे.) घरात एकाच खोलीतला दिवा गेला तर बल्ब पाहायचा, सगळ्या घरातले गेले तर मीटरकडे जायचे. फक्त लिफ्ट मंद आणि टिल्ट, स्टिअरिंग ठीक असते, तर दोष लिफ्टच्या सिलिंडरात, त्याच्या पाइपात किंवा कंट्रोल व्हॉल्व्हच्या त्या कप्प्यात. लिफ्ट आणि टिल्ट दोन्ही मंद पण स्टिअरिंग चांगले, तर मुख्य रिलीफ व्हॉल्व्हवर संशय. आणि तिन्ही एकदम मंद, तर दोष मुळाशी: टाकी, गाळणी, पंपाकडे जाणारा सक्शन पाइप किंवा खुद्द पंप. सिलिंडर खोलून सीले बदलण्याची गरजच नाही. कित्येक जण पहिले सील किट आणतात आणि पैसे तिथेच घालतात.

आता राहिले दोनच: पंप झिजला की पंपाला तेल पोहोचत नाही? पुतण्याने मोबाइलमध्ये गाडीचा आवाज भरून ठेवला होता. उस्तादांनी तो दोनदा ऐकला. जात्यात खडे दळावेत तसा आवाज. मग टाकीतले तेल काचेच्या ग्लासात काढायला सांगितले. तेल दुधाळ होते. भूमच्या माणसाला दूध दाखवून फसवता येत नाही, आम्ही लगेच म्हणालो, पाणी गेले आहे. उस्ताद म्हणाले, "थांबा. घाई करू नका." ग्लास तासभर ओट्यावर ठेवला. तळापासून वरपर्यंत तेल साफ होत गेले. ते पाणी नव्हते, हवा होती. पाण्याने दुधाळ झालेले तेल तासाभरात असे निवळत नाही. त्याचा एक थेंब तापल्या तव्यावर टाकला की तडतडतो. आमचा थेंब नुसता धुरावला.

पंप नुसता झिजलेला असेल, तर तेल तापून पातळ झाले की ते पंपाच्या आतल्या आतच मागे गळते, म्हणून गाडी दुपारी मंद होते. आमचे लक्षण वरवर तेच होते. पण अशा पंपाने फेस होत नाही, खडे दळल्यासारखा आवाज सहसा येत नाही, आणि मुख्य म्हणजे अर्धा तास थांबल्याने तो सुधारत नाही, कारण अर्ध्या तासात टाकीतले तेल थंड होत नसते. आमची गाडी तेल गरम असतानाही चहानंतर दहा मिनिटे नीट चालत होती. म्हणजे काहीतरी असे होते जे गाडी चालू असताना तोंडाशी येऊन बसायचे आणि गाडी बंद झाली की सुटून खाली पडायचे.

"विहिरीत पंपाच्या फुटव्हॉल्व्हला पाला बसतो ना, तसं," उस्ताद म्हणाले आणि मग पाना काढला.

टाकीत काय निघाले

टाकीच्या तोंडावर झाकण नव्हते. झाकणातच हवेची जाळी असते, ज्याला ब्रीदर म्हणतात. फोर्क वर जातात तेव्हा टाकीतले तेल सिलिंडरात जाते, टाकीतली पातळी उतरते आणि तेवढी हवा आत यावी लागते. फोर्क खाली आले की हवा बाहेर. टाकी श्वास घेते, असे समजा. गाडी आली तेव्हापासूनच ते झाकण हरवलेले होते आणि त्या जागी पोरांनी कापडाचा बोळा कोंबला होता. पेंडीचा भुसा, धूळ, बोळ्याचे धागे, सारे आत. आणि एक बोळा तर थेट टाकीतच घसरला होता.

उस्तादांनी तेल काढून टाकले, तळाचा गाळ काढला आणि पंपाच्या वाटेवरची गाळणी बाहेर घेतली. जाळीवर तंतूंचा असा थर होता की नमदा वाटावा. त्यात अडकलेली चिंधी त्यांनी चिमट्याने ओढून काढली, पिळली आणि आमच्या हातात दिली. काळी झाली होती तरी पोत ओळखू आला. आमच्याच दुकानातला मांजरपाट होता. कापण्याच्या चिंध्या आम्हीच दर आठवड्याला गोदामात हात पुसायला पाठवत होतो!

त्यापुढचा हिशेब सरळ आहे. गाळणी तुंबली की पंप जोराने ओढतो. सक्शनचा रबरी पाइप जुना, कडक झालेला, त्याची क्लिप सैल. जोराने ओढले की तेलाऐवजी क्लिपच्या फटीतून हवा आत येते. हवा आली की फेस, फेस आला की गुरगुर, आणि हवा दाबली जात असल्याने जोर नाही. सकाळी रात्रभरात चिंधी गाळणीवरून सुटून तळाला बसलेली असे, म्हणून गाडी ठणठणीत. सक्शनच्या जोडावर हवा ओढते आहे का, हे पाहण्याची सोपी रीत उस्तादांनी दाखवली: चालू गाडीत त्या जोडावर ग्रीसचा जाड थर लावायचा. आवाज बदलला, तर चोर तिथेच आहे. त्या जोडातून तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही.

आणि रिलीफचा स्क्रू

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. सायन्सच्या तासाला मास्टरसाहेबांनी पास्कलचा उसूल शिकवला होता: बंद जागेतल्या द्रवावर दबाव दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. पाठ केला, मार्क मिळाले, विसरलो. फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात मांडलेल्या या उसुलावर इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. जिनिंगचा प्रेस, गॅरेजचा जॅक, टिपरचा हौदा आणि आपली फोर्कलिफ्ट, सगळी त्याचीच औलाद.

त्यातले एक सत्य मात्र शाळेत कळले नव्हते. पंप दबाव तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो, दबाव तयार होतो तो ओझ्यामुळे. रिकामे फोर्क वर जाताना दबाव थोडा, भरलेले जाताना जास्त. कागदावर हिशेब मांडून पाहा. पाच सेंटीमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटीमीटर. असे दोन सिलिंडर म्हणजे सुमारे ३९. दर चौरस सेंटीमीटरला १५० किलोचा दबाव दिला, तर जोर होतो ५,९०० किलोच्या आसपास. पण सिलिंडर एक फूट वर सरकला की चेनमुळे फोर्क दोन फूट वर जातात, म्हणून फोर्कवर निम्मा, सुमारे २,९५० किलो जोर मिळतो. त्यातून मास्टच्या हलत्या भागाचे आणि कॅरेजचे वजन वजा करा. दोन टनी गाडीला एवढे पुरते, आणि एवढेच असावे.

ओझे त्याहून जास्त झाले, किंवा फोर्क टोकाला टेकूनही लिव्हर ओढून धरला, तर तेलाला जायला जागा हवी. ती जागा म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. ठरलेल्या दबावाला तो उघडतो आणि तेल टाकीत परत जाते. गाडी "उचलत नाही" तेव्हा ती कित्येकदा आपल्याला वाचवत असते. आम्ही तो स्क्रू आवळून ती वाटच बंद केली. त्या दिवशी दुपारी काही फरक पडला नव्हता, कारण उपाशी पंपाला रिलीफ आवळून काय होणार? पण सकाळी गाळणी मोकळी, पंप पूर्ण ताकदीचा, पोती जास्त आणि सुटकेची वाट बंद. सगळ्यांत कच्चा होता तो होज, तोच फाटला.

आणखी एक गोष्ट निघाली. सिलिंडरच्या पायथ्याशी एक छोटी सुरक्षा झडप असते. पाइप फाटून तेल एकदम वेगाने सुटले की ती आवळते आणि ओझे धाडकन न पडता सावकाश उतरते. आमच्या गाडीत तिची जागा रिकामी होती. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी, बहुधा फोर्क लवकर खाली यावेत म्हणून, ती काढून टाकली होती. आम्ही गाडी घेताना रंग पाहिला, टायर पाहिले, इंजिनचा आवाज ऐकला. ही जागा पाहण्याची अक्कल कोणाला होती?

उस्तादांनी नवी गाळणी, नवा सक्शन पाइप, दोन क्लिपा, नवा होज आणि ती झडप बसवली. टाकी धुऊन ६८ नंबरचे तेल भरले, जे आमच्या गाडीच्या पाटीवर होते. मग रिलीफचा स्क्रू पूर्ण सैल केला, प्रेशर गेज लावला, टिल्टचा लिव्हर मागे ओढून सिलिंडर टोकाला टेकवला आणि दोन-तीन सेकंदच धरून काटा पाहिला. थोडा स्क्रू आत, पुन्हा दोन सेकंद. पाटीवरच्या आकड्याला काटा आला, इंजिनाचा आवाज ओझ्याने जड झाला, आणि त्यांनी नट आवळून त्यावर रंगाची खूण केली. पंप तोच जुना! जो "गेला" म्हणून सांगितले होते. सगळा खर्च नव्या पंपाच्या आकड्याच्या चौथाईतही गेला नाही. फाटलेल्या पोत्यांचे नुकसान वेगळे.

ज्यांची गाडी उचलते पण खाली सरकते

आमचे दुखणे उचलण्याचे होते. पुष्कळांचे उलटे असते. ओझे वर नेऊन ठेवावे आणि ते आपसूक उतरावे. याची तपासणी सोपी आहे. गाडीच्या क्षमतेएवढे ओझे उचला, इंजिन बंद करा, मास्टवर खडूची रेघ मारा आणि दहा मिनिटे लांब उभे राहा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ओझे दहा मिनिटांत १०० मिलीमीटरपेक्षा जास्त उतरू नये. जास्त उतरले, तर तेल कुठेतरी मागे जाते आहे. जमिनीवर थेंब असतील तर प्रश्नच नाही. जमीन कोरडी असेल, तर एकतर सिलिंडरच्या आतले पॅकिंग, किंवा कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल. ज्या सिलिंडरांना वरून टाकीकडे जाणारी बारीक परतीची नळी असते, तिचे टाकीकडचे टोक मिस्त्रीकडून सोडवून पाहावे. तिथून तेल ठिबकत असेल तर पॅकिंग गेले. नळी कोरडी असेल तर स्पूल झिजला. हे काम मास्टखाली भक्कम आधार दिल्याशिवाय कोणी करू नये. नुसत्या तेलाच्या भरवशावर उभ्या असलेल्या ओझ्याखाली हातही घालायचा नसतो, मग डोके तर दूरच.

आणि गळती शोधताना पाइपावरून बोट फिरवण्याची जी सवय आपल्या सगळ्या कारागिरांना आहे, ती आजच सोडावी. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत जाते. वरून मुंगी चावल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसे, म्हणून माणूस हळद लावून घरी जातो. आत मात्र तेल मांस सडवत राहते. अशा जखमेवर काही तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते, नाहीतर बोट किंवा हात कापावा लागण्याची वेळ येते. दवाखान्यात गेल्यावर "दाबाचे तेल आत गेले आहे" हे शब्द स्पष्ट सांगावेत. गळती शोधायची ती पुठ्ठ्याच्या तुकड्याने, डोळ्यांवर चष्मा लावून.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी आमचा अनुभव एवढा. गाडी सकाळी पाहून सौदा करू नये. दोन तास काम करून घ्यावे आणि तेल तापल्यावर पुरे ओझे उचलायला लावावे. नुकतीच धुतलेली गाडी असेल, तर ती कशासाठी धुतली हे विचारावे. टाकीचे झाकण स्वतः उघडावे, तेलाचा वास घ्यावा, करपट असेल तर तेल फार तापलेले आहे. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर नख फिरवावे (गाडी बंद, फोर्क जमिनीवर), खड्डे लागले तर नवे सील महिनाभरही टिकणार नाही. दोन्ही चेनचा ताण सारखा आहे का पाहावे. मूळ लांबीपेक्षा तीन टक्के ताणलेली चेन बदलायचीच असते. आणि रिलीफच्या नटावर पान्याच्या ताज्या खुणा दिसल्या, तर सौदा सोडून घरी यावे.

रस्त्यावरच्या त्या मिस्त्रीबद्दल आमच्या मनात राग नाही. त्याने जे पाहिले-शिकले तेच केले. त्याच्याकडे गेज नव्हता, आणि गेजशिवाय रिलीफला हात लावू नये हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आपल्या पोरांमध्ये हाताचे हुनर पुष्कळ आहे, कान तर त्यांचे आमच्यापेक्षा तेज आहेत. पण एक प्रेशर गेज आणि त्याची जोडणी विकत घेणे म्हणजे फालतू खर्च, असे अनेक उस्तादांना वाटते. कापडवाला गजाशिवाय दुकान उघडत नाही, आणि हे दबाव अंदाजाने मोजतात.

मुलीच्या लग्नाच्या पैशांची गोष्ट अखेर घरात सांगावी लागली. बोलणी खाल्ली. गाडी चालू आहे, भाडे येते आहे, रक्कम भरून निघेल असे दिसते.

गोदामात आता चिंध्या जात नाहीत. हात पुसायला जुने टॉवेल देतो, तेही मोजून. टाकीला नवे झाकण बसवले आणि हरवू नये म्हणून त्याला साखळी लावली. आमचा जुना हमाल मात्र अजून गाडी चालू झाली की लांब खांबाला टेकून उभा राहतो आणि पुतण्याला रोज एकच प्रश्न विचारतो, "त्या रंगाच्या खुणेला कुणी हात तर लावला नाही ना रे?" पुतण्या हसतो, पण वाकून बघतो.